आज तू पाहुणी

३ जून
हाउसकीपिंग! यादीत माझ्या नावापुढे हाउसकीपिंग! तीन वर्षं हॉटेलचं शिकले ती काय चादरी झटकायला? मला रिसेप्शन हवं होतं — निळा कोट, काउंटर, फोन. आईने तर सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलंय. ट्रेनिंगच्या शेवटी आवडीचा विभाग लिहून द्यायचा, तिथेच नोकरी पक्की. काय लिहायचं ते ठरलेलंच आहे. दोन महिने कसेबसे काढायचे.

४ जून
ज्यांच्या हाताखाली टाकलंय त्या ताई. अठरा वर्षं याच मजल्यावर खोल्या लावतायत. माझी चादर बघून म्हणाल्या, "छान. आता माणूस शिरणार कुठून?" इतकी घट्ट खोचली होती मी!

९ जून
ताईंची एक खोड आहे. खोली झाली की बाहेर यायचं, दार लावायचं आणि पाहुणं होऊन आत जायचं. खुर्चीत बसायचं, पलंगावर आडवं व्हायचं. आज आडवी झाले तर दिव्याच्या खाली कोळिष्टक! उभ्याने दिसलंच नसतं.
त्याआधी चेक-इनही होतं! ट्रॉली म्हणजे काउंटर, मी रिसेप्शन, ताई पाहुण्या. कॉलेजात शिकलेलं सगळं म्हणून दाखवते. त्या खोदून खोदून विचारतात — "आणि पाहुणा चिडला तर?" चेष्टा करतात माझी, दुसरं काय!

१७ जून
घोळ घातला. ३०४ मध्ये एक आजोबा आणि त्यांची नात. टेबलावर जिगसॉच्या चित्राचे तुकडे पसरलेले. मी शहाणी — सगळे गोळा करून डब्यात भरले, टेबल पुसून लख्ख! चार दिवस जुळवत होते ते दोघं. नात रडतेय, आजोबा लालबुंद, मी धावत जाऊन ताईंना हाक मारली.
ताई आल्या. "चूक आमची. चार दिवसांचं काम मोडलं, राग येणारच." मग नातीला, "कडेचे आधी लावायचे ना गं?" ड्यूटी संपल्यावर आम्ही दोघी तिथे बसून तुकडे जुळवत होतो. आजोबांनी चहा मागवला — चौघांना.

१८ जून
सकाळी आल्या आल्या ताई ट्रॉलीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "आज तू पाहुणी. चीड माझ्यावर." चिडले, अगदी मनापासून! शेवटी हसून हसून पोट दुखलं.

५ जुलै
मजा येतेय, खोटं कशाला बोलू? आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "घरी कधी स्वतःचं अंथरूण आवरलंस का?"

२९ जुलै
फॉर्म भरला. हाउसकीपिंग! पेन दोनदा थांबलं, निळा कोट डोळ्यांपुढे आला. पण ताईंकडून अजून खूप शिकायचंय. आईला सांगितलं, तर आधी म्हणाली, "आणि रिसेप्शन?" मग, "बरं. पण तुझ्या मावशीला तूच सांग बाई."
ताईंना कधी सांगते असं झालंय! त्या चार दिवस रजेवर आहेत.

२ ऑगस्ट
नोकरीचा पहिला दिवस. ताईंचा पत्ता नाही. मजल्यावरचा फोन वाजला — "नमस्कार, रिसेप्शनमधून बोलतेय. ३०४ तयार आहे का?"
तो आवाज! धावत खाली गेले. ताई, निळ्या कोटात. बाह्या जरा लांबच आहेत. म्हणजे दोन महिने ती चेष्टा नव्हतीच!
रडू येत होतं, तरी विचारलं, "आणि पाहुणा चिडला तर?"
"आधी वर जा. पलंगावर आडवी होऊन बघितलंस का?"