सायलीच्या जागी सुपारी

१२ नोव्हेंबर २०२५
सायलीचं नेदरलँड्सचं काम आणखी वर्षभर वाढलं. तिनंच दुपारी फोन करून सांगितलं - "कंपनी सोडत नाही रे." मी कारखान्याच्या शेडमध्ये होतो, पत्रा दाबायची प्रेस चालू होती, बाहेर येऊन पुन्हा विचारून घेतलं. म्हणजे वास्तुशांतीला बायको नाही. पत्रिका तर सगळ्या चिखलीत वाटून झाल्यात.

१३ नोव्हेंबर
मुहूर्त पुढे ढकलू म्हटलं. आई ऐकेना. "आवतणं गेली, रव्या. बायकू न्हाई तर शेजारी सुपारी ठिवत्यात." गुरुजींनीही चालतं म्हणून सांगितलं.
सायलीला कळवलं तर हसली. "माझ्यापेक्षा बरी. उलट बोलणार तरी नाही."

१७ नोव्हेंबर
चाकणचा माल अडकलाय. ओव्हरटाइम. फोन राहून गेला.

२३ नोव्हेंबर
वास्तुशांत पार पडली. शेजारच्या पाटावर तांदूळ, त्यावर सुपारी. कस्तुरामामी मागून म्हणाली, "सून लई गुणाची गं, पाटावरनं हालत न्हाई!" सगळे हसले. मीही.
पंगतीत पूनम भेटली. सायलीबरोबरच तिकडे गेलेली, दिवाळीला परत आली. "कंपनीनं मलाही विचारलं होतं, राहता का म्हणून. मी नको म्हटलं. सायलीनं मात्र स्वतःहून मागून घेतलं. धाडस आहे हं तिचं." मी वाढप्याला तिच्या पानात जिलबी वाढायला सांगितली आणि पुढच्या पंगतीकडे गेलो.

२४ नोव्हेंबर
विचारलं. भांडायचं नाही असं ठरवून सायलीला फोनवर विचारलं, आणि भांडलो नाही.
ती म्हणाली - "हो, मीच मागितलं. तुला सांगितलं असतं तर तू 'बरं' म्हणाला असतास. तू प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतोस. त्यातून मला काहीच कळत नाही."
परत यायचंय का, विचारलं. "माहीत नाही. इथं सायकल काढते, कामाला जाते. वाटेत कुणी थांबवून विचारत नाही, कुणाची सून."
आमच्या गावात ते विचारतातच. तिचं नाव आधी कुणी विचारत नाही, हेही खरं. फोन ठेवताना मी काय म्हणालो? बरं म्हणालो.

२७ नोव्हेंबर
नव्या घरात राहायला आलो. आईनं कपाटाचे वरचे दोन खण सायलीला ठेवलेत. माझे शर्ट अजून पिशवीत आहेत. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

३० नोव्हेंबर
सायली शनिवारी येतेय, आठ दिवसांसाठी. माझ्या तिकडच्या व्हिसाचे कागद घेऊन. "शेड सोडवत नसेल तर नको येऊस. पण समोर बसून नाही म्हण." आईला फक्त येतेय एवढंच बोललो. तिनं मामीला पुरणपोळीला बोलावूनही टाकलं. विमानतळावर मी एकटाच जाणार आहे.