शालूला मोटारीनं आणायचं

११ जुलै १९६१, मंगळवार. धाड.

आज गाडी घेतली. विलायती. धाडमध्ये पहिलीच. जिल्ह्यात पहिली असेल का, चौकशी करायला हवी.

डेन्मार्कचा एक साहेब ही गाडी स्वतः चालवत अजिंठ्याची लेणी बघायला आला होता. घाटात क्लच गेला. साहेबाचं पोट त्याच्या आधीच गेलं होतं. त्याला विमानानं घरी पळायचं होतं, मला गाडी हवी होती, दोघांचं जमलं. मिरचीचे पैसे त्यात गेले, हे कौशल्याबाईंना पोळ्यानंतर सांगेन. बायकोला एकदम सगळं सांगू नये.

साहेबानं दोनदा बजावलं की ही गाडी भारतात पाहुणी म्हणून आली आहे, ती देशाबाहेर परत न्यावीच लागते, तसं गाडीसोबतच्या परवान्याच्या पुस्तकात लिहिलंय. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, त्यामुळे सगळं समजलं. गोरे लोक कायद्याला फार भितात. आपल्याकडे अर्ज नीट लिहिता आला की झालं.

संकल्प: शालूला पंचमीला मोटारीनं माहेरी आणायचं. एकुलती एक लेक, मे महिन्यात मेहकरला दिली. लग्नात व्याही उकंडराव भर मांडवात म्हणाले होते, "नारायणराव, तुमच्याकडचे मानसं काय, येस्टीतूनच उतरतीन." त्यांची जीप आहे म्हणून ही गुर्मी. मेहकरला निरोप धाडला: लेकीला न्यायला मुराळी म्हणून मी जातीनं येतो, मोटारीनं.

२२ जुलै

क्लच बसला. स्टिअरिंग डावीकडे आहे. घेताना दिसलं होतं, पण विशेष वाटलं नव्हतं. उजवीकडे वळताना हात दाखवता येत नाही. म्हणून मेहुणा मोतीराम उजवीकडे बसतो आणि मी सांगेन तेव्हा हात बाहेर काढतो. नंबर नसल्यानं गाव सोडून जाता येत नाही, पण गावात चक्कर मारली.

लोकांना वाटतं गाडी मोतीरामच चालवतोय. बाजारात सगळे त्यालाच रामराम घालत होते. सरपंचांनीही त्यालाच विचारलं, "कितीले घेतली बे?" भाऊजींची आहे, असं तो म्हणाला, पण जरा वेळ लावून म्हणाला.

उपाय: मोतीरामनं टोपी घालायची नाही, म्हणजे मालक वाटणार नाही.

२४ जुलै

मोतीरामचं उघडं डोकं बघून, त्याच्या घरी कोण वारलं, असं लोक विचारायला येऊन राहिले. टोपी परत दिली.

५ ऑगस्ट

अकोल्याला मोटारींच्या ऑफिसात जाऊन आलो. कारकून सभ्य. म्हणाला, गाडीवरची कस्टमची ड्यूटी भरल्याची पावती आणा, मग नंबर देतो. मी म्हणालो, आधी नंबर द्या, पावती मागून आणतो. तसं होत नाही म्हणाला. मग मी मेहकरच्या लेकीचं सांगितलं. त्यानं चहा मागवला, स्वतःच्या लेकीचं सांगितलं, डोळे पुसले आणि म्हणाला, पावती आणा.

माणूस मऊ आहे. काम अर्धं झालं असं समजायला हरकत नाही.

१४ ऑगस्ट

पंचमी परवावर. कौशल्याबाईंचा एकच हेका: "येस्टीनं जा ना हो. पोरीले मोटार पायजे का माय पायजे?" प्रश्नच चुकीचा. दोन्ही एकदम मिळणार असताना एकच काऊन घ्यावं? मोतीराम म्हणाला, मी आणतो भांजीला. नाही म्हणून सांगितलं. शब्द गेला आहे.

मेहकरला निरोप: पंचमी राहू द्या, दसऱ्याला नक्की.

कौशल्याबाईंनी लिंबाला झोका बांधून ठेवला होता. संध्याकाळी सोडला. मी त्या वेळेत गाडीला गोठ्यात चांगली कोरडी जागा केली. बैल बाहेर बांधले. पाऊस आहे, पण बैलांना सवय असते.

९ सप्टेंबर

मुंबईहून परत. कस्टमचं ऑफिस फार मोठं, मला हवा तो माणूस चौथ्या मजल्यावर. माझं इंग्रजी ऐकून तो मराठीत बोलू लागला. म्हणाला, ही गाडी विकायचा साहेबाला अधिकार नव्हता आणि घ्यायचा तुम्हाला नव्हता. एक तर ती देशाबाहेर न्या. नाहीतर दिल्लीहून आयातीचा परवाना आणा, तो मिळत नाही. नाहीतर आमच्याकडे जमा करा.

म्हणजे रस्ते तीन आहेत. मला वाटलं होतं, एकच असेल.

त्यानं माझं नाव-गाव विचारलं. मी संपूर्ण पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून दिला, गोठा कोणत्या बाजूला आहे तेही. अशा गोष्टींनी छाप पडते. मंजूर झाल्यावर कळवायला त्यांना सोपं जाईल.

१७ ऑक्टोबर

परवा दसरा. घरात कट झाला. मी बाजारात असताना कौशल्याबाईंनी मोतीरामला एस.टी.नं मेहकरला धाडलं. आज तो हात हलवत परत आला.

उकंडरावांनी त्याला जेवू-खाऊ घातलं आणि सांगितलं, "तुमचे भाऊजी मोटारीनं येतो म्हनले ना? मंग मोटार येऊ द्या. गावभर सांगून बसलो मी. आता सुनेले येस्टीनं धाडू काय?" मोटार आत यावी म्हणून त्यांनी अंगणाच्या कुडाची एक बाजू पाडून ठेवली आहे. हे ऐकून बरं वाटलं. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

शालूनं मोतीरामजवळ निरोप दिला: बाबाले म्हना, घाई नका करू. किती समजूतदार पोरगी! हा निरोप ऐकून कौशल्याबाई चुलीपुढं बसून रडल्या. बायकांना साध्या बोलण्यातही भलतंच काही ऐकू येतं.

१२ नोव्हेंबर

दिवाळीही गेली. शालूचं उटणं कौशल्याबाईंनी कोनाड्यात तसंच ठेवलंय. माझ्याशी कामापुरतं बोलतात, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.

आणि आज सुचलं. गोवा!

पुस्तकात गाडी देशाबाहेर न्यावी इतकंच लिहिलंय, कुठल्या देशात ते नाही. गोवा पोर्तुगालचा. म्हणजे परदेश, आणि तोही युरोपातला. गाडी गोव्यात न्यायची, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. तिथं रीतसर पोर्तुगालचा नंबर घ्यायचा आणि मग सन्मानानं परत आणायची. उकंडरावांच्या अंगणात पोर्तुगालच्या नंबराची गाडी! हे मुंबईच्या माणसाच्याही डोक्यात आलं नाही.

मोतीराम म्हणतो, हद्द बंद आहे, तिकडं गेलेल्या लोकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्याला सांगितलं, मी गाडीच्या कामाला चाललोय, माझ्यावर काय म्हणून झाडतील? तरी तो हात दाखवायला येणार नाही म्हणाला. ठीक आहे. उजवीकडे वळायचंच नाही.

पोर्तुगीज सरकारला इंग्रजीत अर्ज केला. सोबत गाडीचा फोटो. फोटोत स्टिअरिंग दिसतंय आणि मोतीरामही.

२० डिसेंबर

गोवा स्वतंत्र झाला. रेडिओवर सांगितलं. चावडीपुढं ढोल, गुलाल, पोरांची प्रभातफेरी.

मी पहिल्यांदा विचार केला तो असा: आपलं लष्कर आणखी महिनाभर थांबलं असतं तर? मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की हलवायाकडचे होते तेवढे पेढे घेतले आणि गावभर वाटले. सरपंचांनी मला हार घातला, म्हणाले, देशप्रेम असावं तर असं. हार घालून घरी आलो. कौशल्याबाई दारातच म्हणाल्या, "तुमचा परदेश गेला म्हना की." घरात हे कुणी सांगितलं ते मोतीरामला विचारणार आहे.

१५ जानेवारी १९६२

मेहकरहून तिळगूळ आला आणि बातमीही. शालूला दिवस गेलेत. चांगले पाच महिने झाले, आता कळवलं. आनंदानं दिवसभर काही सुचेना. दोनदा गोठ्यात जाऊन गाडीला सांगून आलो, हे कुठं बोलू नये.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आता तर एस.टी.चा प्रश्नच मिटला. अशा दिवसांत पोरीला चिखलीच्या रस्त्यानं एस.टी.चे धक्के खायला लावायचे? मोटारच हवी. कौशल्याबाईंना हे पटायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आत्ताच जा. आठवा लागला का पोरीले हालवत नसतात." अजून पुष्कळ वेळ आहे.

आयातीच्या परवान्यासाठी दिल्लीला सप्टेंबरातच अर्ज केला होता, त्याचं स्मरणपत्र टाकलं.

५ फेब्रुवारी

अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार म्हणतात. माझा विश्वास नाही. तरी अशा दिवसांत नवं काम काढू नये, हे सगळेच सांगतात. देवळात होम आहे, वर्गणी दिली. दिल्लीचं उत्तर नाही याचंही कारण हेच असणार.

२० फेब्रुवारी

कस्टमचे दोन साहेब घरी आले. पत्ता बरोबर सापडला म्हणाले. विचारावंच लागलं नाही, सरळ गोठ्यात गेले.

गाडीच्या दारांना दोरी, दोरीला लाखेचा शिक्का. निकाल लागेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, पण सांभाळायची मी. चहा घेतला. स्टिअरिंग डावीकडं आहे हे बघून हसले. एक जण मोतीरामला म्हणाला, "तुम्ही सही करा, गाडी तुमचीच ना?"

बरी बाजूही आहे. माझी गाडी आता सरकारी मोहरेखाली आहे. चोरीला जायची भीती नाही.

रात्री जेवण गेलं नाही.

८ मार्च

मेहकरला गेलो. एस.टी.नं. स्टँडवर उतरलो तर मागच्या दारातून, कोंबड्यांच्या डालीमागून, उकंडराव उतरत होते. चिखलीला चढले असणार. दोघंही क्षणभर दुसरीकडे बघू लागलो. शेवटी तेच बोलले, "जीप काय, लग्नाच्या आधीपासूनच उभी आहे हो. इंजिनच नाई तिले. मांडवात आपलं बोललो." मी गाडीचं सांगितलं. मग आम्ही घरापर्यंत चालत गेलो. पाडलेल्या कुडाच्या जागी बाभळीचे फांटे लावले आहेत. त्यातून वासरू आत-बाहेर करतं.

मी म्हणालो, शालूला न्यायला आलोय. विहीणबाई गोजरबाई म्हणाल्या, "आता कुठी नेता? परवाच आठवा लागला. आम्ही वेशीबाहेर काढत नाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आठ महिने आम्ही दोघे म्हातारे इंजिन नसलेल्या जीपशी आणि नंबर नसलेल्या मोटारीशी शर्यत लावत होतो, आणि पोरगी मधे बसली होती.

शालूनं चहा आणून दिला. अंगानं भरलीय. "बाबा, दमलेत काऊन?" म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

१० मार्च

कौशल्याबाई मेहकरला गेल्या, बाळंतपण उरकेपर्यंत. लेकीच्या सासरी जाऊन राहावं लागतं, याची त्यांना लाज वाटते. तसं बोलल्या नाहीत, ट्रंक भरताना दिसलं. एस.टी.त खिडकीजवळ बसवून दिलं. गाडी सुटली तरी त्या समोरच बघत होत्या.

भाकरी करायला शिकतो आहे. गोल होत नाही, त्यालाही एक कारण आहे, पण लिहायचा कंटाळा आला.

६ मे, रविवार. मेहकर.

मुलगी झाली. सकाळच्या एस.टी.नं आलो, उभ्यानंच. नात शालूवर गेली आहे. कौशल्याबाईंनी ती माझ्या मांडीवर दिली आणि किती तरी महिन्यांनी माझ्याकडे बघून हसल्या.

शालू खाटेवर पडली होती, मी उशाशी बसलो होतो. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. कुणाचा तरी ट्रक. शालू हातावर जोर देऊन अर्धी उठली आणि मान वळवून दाराकडे बघू लागली.

"पड वं बाई," गोजरबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "पंचमीपासून असंच हाय तिचं. हॉर्न वाजला का उठली. सैपाक करता करता उठे, जेवता जेवता उठे."

मी म्हणालो, अगं शालू, मी तर इथंच बसलोय.

"हाव बाबा," ती म्हणाली, "सवय झाली."

मला फार लाज वाटली. ती पुन्हा आडवी झाली, आणि मी नातीच्या अंगावरच्या माश्या हाकलत बसलो.