पेनल्टी कोण मारणार?

गुदैबिया, बहरीन
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय नावेद,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळे खुशाल. बुसैतीनच्या नव्या खोलीत पाणी नीट येतं ना? तू मला मोबाइलवर ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. तुझी खदिजा भाभी म्हणाली, "सख्ख्या मावसभावाला चिठ्ठी पाठवायची पाळी आली, शाबास!" तिच्याच हातून पाठवतोय, तिला चहा तरी पाज.

बातमी अशी, की गौरवचा घोटा मोडला. मैदानात नाही रे, जिन्यावरून गॅसचा सिलिंडर उतरवताना! तू टीम सोडल्यापासून पेनल्टी तोच मारायचा, आणि येत्या शुक्रवारी सेमीफायनल. काल जुम्म्यानंतर नवा माणूस शोधायला सगळे जमलो. प्रत्येकाला पाच बॉल, गोलात मी. सागरचे पाचही पार्किंगमध्ये. तौकीरचा बूट गोलात आला, बॉल जागेवरच! बाकीच्यांचे मी अडवले. आधी छाती फुगली, मग लक्षात आलं, आपल्याकडे पेनल्टी मारणाराच कुणी नाही. मला उभ्याउभ्या चकवणारा आजवर एकच भेटलाय, आणि तो तिकडे रुसून बसलाय.

आता खरं लिहितो. दोन कागद फाडून झाले. गेल्या वर्षी फायनलला तू बॉल ठेवलास, तेव्हा मीच पळत येऊन तुझ्या कानात सांगितलं होतं, "डावीकडे मार, ऐक माझं." तुला उजवीकडे मारायचा होता. तरी मोठा भाऊ म्हणून ऐकलंस. बॉल अडला, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "याला टीममध्ये घेतला कुणी?" तू माझं नाव घेतलं नाहीस. वर्षभर घेतलं नाहीस. लाज वाटते रे मला.

काल सगळ्यांना हे सांगून टाकलं. मग गौरव प्लास्टरचा पाय सावरत म्हणाला, "मग बघतोस काय? यल्ला, चल, बोलव त्याला!"

खाला, तुझी अम्मी, फोनवर दर वेळी विचारते, दोघं भेटता ना? मी हो म्हणतो. तिच्याशी आता खोटं बोलवत नाही.

मॅच संध्याकाळी सहाला, जिदहफ्सच्या मैदानात. आलास तर बॉल तुझा, मी तोंडाला कुलूप लावीन. नाही आलास तर पेनल्टी मी मारणार, असं टीमला सांगितलंय. माझी चुकणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा निदान बघायला ये, आणि सगळ्यांसमोर मला काय ओरडायचंय ते ओरड.

माफ केलंस तर तुझा मोठा भाऊ, नाही केलंस तरी तोच,
वकार