गाठ बाहेरच्या बाजूला

प्रिय भिंगरी,

सापडलीस गं बाई! अक्षर आधीच कोंबडीनं उकरल्यासारखं, त्यात चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. हसू नकोस. दोन इयत्ता शिकलेली बाई याहून काय लिहिणार? पण काल दवाखान्याच्या जिन्यात बसून मी एकटीच इतकी हसले, की झाडूवालीला वाटलं म्हातारीला भोवळ आली. बिचारीनं पाणी आणून दिलं.

ते नंतर सांगते, आधी रडगाणं ऐक. गेले तीन महिने मी देवाशी बोलणं टाकलं होतं. तुझा बाबा दाढी करता करता आरशासमोरच कोसळला. उरलेली अर्धी दाढी दुसऱ्या दिवशी मी केली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या ड्रायव्हरबरोबर गेलीस तर मी मेलो समज, असं ज्या तोंडानं तुला म्हणाला, त्या तोंडातून आता पाण्याचा घोट गळतो. मी देवाला म्हटलं, आम्ही मागितलेलं कधी ऐकू येत नाही, रागात बोललेलं तेवढं बरं ऐकू आलं तुला!

आणि तुला कळवायचं तरी कुठे? चार वर्षांत तुझी पत्रं यायची, बाबा न उघडताच परत करायचा. पाकिटावरचा पत्ता अक्षर लावून वाचेपर्यंत पोस्टमन फाटकाबाहेर. खरं सांगू? वाचता आला असता. लेकापुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती.

तर काल का हसले, ते सांगते. दवाखान्यात रोज सकाळी धुतलेल्या सदऱ्यांची ढकलगाडी येते. हाताला लागेल तो ज्याच्या त्याच्या अंगात. परवा बाबाला आला त्याचा खिसा कुणीतरी सांधलेला. शिवण डावखुऱ्या हाताची, दर चौथा टाका उलटा, म्हणजे मीच तुला शिकवलेला. आणि गाठ बाहेर! त्या गाठीपायी किती धपाटे खाल्लेस माझे. आत लपव गं, म्हणायचे मी. तू म्हणायचीस, सुटली तर दिसायला नको का, आजी?

काल कपड्यांच्या मुकादमाला गाठलं. फाटके सदरे दर मंगळवारी गोणीत भरून बाहेरगावी एका बाईकडे जातात, म्हणाला. डावखुरी आहे, कडेवर पोर असतं. पोर! मी पणजी झाले आणि ते मला मुकादमानं सांगावं? पत्ता मात्र देईना मेला. नियम म्हणे.

एवढ्या ढिगातला नेमका तोच सदरा, नेमका याच्याच अंगावर. कुणाचा हात होता ते मला ठाऊक आहे. म्हणून पुन्हा बोलायला लागलेय देवाशी, पण भांडूनच. डॉक्टर म्हणतात, बाबानं आठवडा काढला तरी खूप. वाट दाखवायचीच होती तर इतक्या उशिरा का रे?

बाबा तो सदरा काढू देत नाही. धुवायला मागितला की डोळे वटारतो. डाव्या हाताचं बोट सारखं त्या गाठीवर. मी काहीच सांगितलं नाही त्याला. तू लहानपणी शिवलेल्या उशीच्या अभ्र्याची गाठ गालाला टोचते म्हणून रोज कुरकुरायचा, आणि दुसरा अभ्रा घालू द्यायचा नाही. तू गेल्यावरही. म्हणून आज मी दवाखान्याच्या एका धडधाकट सदऱ्याची बाही टरकावलीय. हे पत्र त्याच्या खिशात घालून तोंड शिवणार आहे, गाठ बाहेर ठेवून, म्हणजे तुला कळेल. उद्या गोणी निघेल. ती परत यायला आठ दिवस लागतात, आणि तेवढे त्याच्याजवळ नाहीत. बाही तशीच राहू दे, पोरी. तू निघ. पोराला घे, त्या ड्रायव्हरलाही घे.

तुझीच, जन्मभर गाठी लपवत बसलेली,
आजी