बातमीपत्राच्या वेळी फोन

प्रिय सौ. राजेश्री,

मी आदिनाथ सोनटक्के, वाणिज्य पदवीधर, मस्कतमधील कंपनीत लेखापाल व तुझा पती, हे पत्र एका तक्रारीसाठी लिहीत आहे. रक्तदाब आटोक्यात आहे, काळजी नसावी.

येथे माझ्यासोबत असताना तू अरबी शिकलीस. अरबी वृत्तवाहिन्यांच्या भाषेवर पीएच.डी. कर, हा आग्रहही माझाच होता. पण एक निवेदक आपल्या घरात इतका शिरेल, असे वाटले नव्हते. परवा फोनवर मी आईच्या गुडघ्याविषयी विचारत होतो आणि तू म्हणालीस, "अहो, थांबा की जरा, त्याचं वाक्य लिहून घ्यायलेय." मागून प्रियांका हसली, "बाबा, आईला लय आवडतो त्याचा आवाज!" तू तिला गप्प केले नाहीस.

त्याचे उच्चार शुद्ध आहेत, हे मान्य. टाय मात्र रोज वाकडा असतो; मी आठवडाभर पाहून खात्री केली आहे.

आईचा गुडघा कसा आहे? तिकडे पूर्णेला थंडी पडली का?

येत्या शुक्रवारी मी त्याच्या बातमीपत्राच्या वेळीच फोन करीन. कृपया उचल. अरबी मलाही थोडी येते. तुला हवी ती वाक्ये मी सावकाश वाचून दाखवीन.

तुझाच,
आदिनाथ सोनटक्के
मस्कत, ९ डिसेंबर २०२५