काळ्या-तांबड्याला बाहेर काढताना

परळ, माघ वद्य तृतीया

गं. भा. अंबिका हिला थोरली बहीण जाई हिचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल आहे, माझे गुडघे सोडून. त्यांची खुशाली ते स्वतःच कुरकुरून कळवतात. तुझ्या मुलाचं कार्ड पोचलं. भाऊजींचं वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी तू माजघराचा कोपरा सोडत नाहीस, दारापुढच्या खळ्यातसुद्धा येत नाहीस, असं त्यानं लिहिलंय. त्याविषयी मी एक अक्षर बोलणार नाही. (अक्षर मला येत नाही, ते निराळं. लिहिणारी सून ललिता. तिला बजावलंय, मी सांगेन ते उतरव, पदरचं शहाणपण घालू नकोस.) मला सांगायचंय ते दोन पिल्लांविषयी.

आमचा जयवंत एका प्रयोगशाळेत पिंजरे साफ करतो, तुला ठाऊक आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंची दिवाळीच्या सुमारास मद्रासला बदली झाली, तेव्हा त्यांनी घरी पाळलेली दोन पिल्लं पिंजऱ्यासकट याच्या हवाली केली. गिनीपिग म्हणतात त्यांना. सशाचे कान आखूड करावेत, घुशीचं शेपूट काढून घ्यावं आणि उरेल त्याला चांगल्या घरचं वळण लावावं, तसा जीव. एक काळा, एक तांबडा. बाईंनी बरोबर कागदही दिला: दोघे भाऊ आहेत, रोज पिंजऱ्याबाहेर हिंडवा, नाहीतर पाय आखडतील. जयवंत कामावर, ललिता शिवणाच्या वर्गाला, तेव्हा हा व्यायाम माझ्या गळ्यात.

पहिल्या दिवशी मी काळ्याला उचलून सरळ गॅलरीत ठेवला. त्याचा दगड झाला गो. डोळे टक्क उघडे, मिशीसुद्धा हलेना. परत आत सोडला तर गवताखाली शिरला तो दुसऱ्या दिवशी कोथिंबीर दाखवली तरी बाहेर नाही. मग ललितानं कागद पुन्हा वाचला. (आधी अर्धाच वाचला होता. हेही लिही.) त्यात होतं, उचलायचं नाही. नुसतं दार उघडं ठेवायचं, समोर हातभर जागा अडवायची, लपायला खोकं ठेवायचं, रोज वेळ तीच, आणि आपण गप बसायचं. मला गप बसायला लावणारं हे जन्मातलं पहिलं जनावर.

अडवायला काय घ्यावं? गॅलरीच्या टोकाला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचे सात फलक होते, चाळीच्या समितीनं करून ठेवलेले. पुठ्ठ्यावर कागद डकवलेला, खाली काठी. काठीवर ते उभे राहीनात, म्हणून मी उलटे केले, काठ्या वर. कुंपण झकास झालं. रोज गिरणीच्या दुपारच्या भोंग्याला मी दार उघडायची आणि माळ घेऊन बसायची. तीन दिवस नुसतं नाक. चौथ्या दिवशी नाक आणि एक पाय. अंबिके, तो पाय टेकेपर्यंत माझं रामनाम अडलं होतं. जांभळाएवढं काळीज, समोर सगळी परकी फरशी, आणि कुणी ओढत नाही की ढकलत नाही. त्याचं त्यानं ठरवायचं. आठवड्यात दोघेही कुंपणाच्या कडेकडेनं फिरायला लागले.

कडेकडेनंच का, ते मोर्चाच्या सकाळी कळलं. समितीचे अप्पा फलक न्यायला आले, एक सुलटा केला, मग घाईनं बाकीचे सहाही. कागद गव्हाच्या खळीनं चिकटवलेला, आणि उलटा ठेवल्यामुळे वरची ओळ या दोघांच्या तोंडाशी आलेली. सातही फलकांवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' शाबूत, 'मुंबईसह' तेवढं पोटात. अप्पा म्हणाले, "आजी, दिल्लीला इतकी वर्षं जमलं नाही ते तुमच्या उंदरांनी आठवड्यात केलं." मी म्हटलं, "उंदीर नव्हेत ते. आणि खळ एवढी चवदार करायला कुणी सांगितलं होतं?" मग खळ माझ्याच चुलीवर शिजली, ललितानं सात वेळा मुंबई लिहिली आणि मोर्चा अर्धा तास उशिरा निघाला.

त्या गोंधळानं पिल्लं पुन्हा आत दडली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मला वाटलं, केलेलं सगळं वाया गेलं. तरी फलकांच्या जागी पाट आडवे लावून दार उघडं ठेवलं. पाचव्या दुपारी खाली रस्त्यावर घोषणा चाललेल्या, आणि काळा बाहेर आला. कडेनं नाही, मधोमध. क्षणभर थांबला आणि उडाला. चारही पाय सुटले, हवेतच वळला, टेकला, पुन्हा उडाला. मागून तांबडा. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसे. ललिता म्हणते, आनंद झाला की ती अशी उडतात, कागदात लिहिलंय. मला कागद लागला नाही. माझे हात आपोआप जुळले. कुणापुढे, ते अजून कळलेलं नाही.

तुला वाटेल, जाई आपल्यावरच बोलतेय. छे, तू कुठे कोथिंबिरीचे देठ खातेस. आणि मलाच बघ की, हे गेले तरी मी सगळी चाळ पायाखाली घालते. नातवंडांच्या गालाला हात लाव.

तुझी जाई (अंगठा उमटवलाय, शाई सांडली ती ललितानं)

ता. क. ते भाऊ नव्हते. परवा तांबड्याला तीन पिल्लं झाली. अंगभर केस, डोळे उघडे, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या पायांनी बाहेर. माझ्या शिकवणीला कुणी विचारलं नाही. त्यातली दोन तुझी. पोस्टानं जात नाहीत, तेव्हा येऊन घेऊन जा. तीन आठवडे त्यांना आई लागेल, म्हणून घाई नाही. आज माजघराचा उंबरा, उद्या ओटी, मग खळं, मग मुंबईची बोट. भोकांची टोपली आण.

आणखी ता. क. मावशी, ललिताचा साष्टांग नमस्कार. हे सासूबाईंना न सांगता लिहितेय. त्यांना वाचता येत नाही याचा फायदा आज पहिल्यांदा घेते. मामंजी गेल्यापासून दीड वर्ष त्या जिना उतरलेल्या नाहीत. 'सगळी चाळ' म्हणजे आमची गॅलरी. पण तुम्हाला घ्यायला धक्क्यावर स्वतः येणार म्हणतात. काल भोंगा झाल्यावर दोन पायऱ्या उतरून परत आल्या, आज पाच. एकंदर चौपन्न आहेत. मी दार उघडं ठेवते आणि गप बसते. तुम्ही शिमग्यानंतरची बोट धरा, तोवर त्या खाली पोचतील.