मंजूर झालेली तक्रार

ता. ९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अ. उ. आ. त्यातला एक तुझ्या नवऱ्यालाही दे, उरलेले सगळे तुझे.

मी फोन उचलत नाही म्हणून तू पत्रात केवढी रागावली आहेस! अगं, उचलते की. पण त्यातून मला डब्यात खडे खुळखुळल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. तू बोलत राहतेस आणि मी आपली हो हो करत राहते. आजवर कशाकशाला हो म्हणून बसले आहे कोण जाणे. त्यापेक्षा पत्र बरं. त्यात तुझा आवाज चढला तरी माझ्या कानाला त्रास नाही.

मी पालिकेच्या विरंगुळा केंद्रात जायला लागले ते कसं चाललंय, असं तू विचारलंस. केंद्र छान आहे. व्यायाम शिकवणारी बाई आम्हाला खुर्चीत बसवूनच घाम काढते. वॉकर घेऊन फिरायला रुंद दारं आहेत, मोरीत धरायला दांडे आहेत. पण त्या गाडीबद्दल मात्र मला काही विचारू नकोस!

गाडी रात्री उभी राहते ती माझ्या घराला लागून. म्हणून सकाळी सगळ्यांत आधी मला आत कोंबतात आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी बाहेर काढतात. केंद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी अख्ख्या गावाला वळसा घालून तिथे पोचते. दीड तास जाताना, दीड तास येताना! हाडं खिळखिळी होतात. ड्रायव्हर भला माणूस आहे, पण सांभाळून बसा असं तो खड्डा गेल्यावर सांगतो.

बरं, सोबत कोणाची? दुसऱ्या थांब्यावर पेंटर चढतो. हा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. तो येतो तो थेट माझ्या डाव्या कानाशी, म्हणजे ज्यात अजून थोडी धुगधुगी आहे त्या कानाशी बसतो आणि प्रश्न सुरू करतो. बाहेर काय दिसतं ते मी सांगायचं. दुकान दिसलं म्हटलं, की विचारतो कसलं, पाटी कोणाच्या हातची, अक्षर उभं की तिरकं. मी सांगितलेलं त्याला कधीही पटत नाही. त्याच्या हातच्या पाट्या एकेक करून उतरताहेत आणि तिथे दिव्याच्या प्लॅस्टिकच्या पाट्या लागताहेत, तेही मी त्याला तोंडावर सांगते. खोटं बोलणं मला जमत नाही. मग तो त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पुढे दोन जावा चढतात. त्या एकाच बाकावर बसतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. एकीला दुसरीला काही सांगायचं असलं की ती ते ड्रायव्हरला सांगते. त्या काय पुटपुटल्या ते पेंटर माझ्या कानात सांगतो, अर्थात पदरचं तिखटमीठ लावून.

असे रोजचे तीन तास. आता तूच सांग, या वयात माझे हे हाल का?

बाकी सगळं ठीक. लोभ आहेच, तो तिथून इथवर पोचता ठेव.

तुझी
आत्या


ता. १५ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. घरचे सगळे मजेत. नवऱ्याने त्याच्या वाटचा आशीर्वाद मागून घेतला.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाकेच्या अंतरासाठी दीड तास! आणि तू ते निमूटपणे सोसतेस! लहानपणी कोणाच्याही वाट्याचं कमी झालं की मी टाहो फोडायचे, म्हणून तूच मला टिटवी म्हणायला लागलीस. मग आता मी गप्प कशी बसेन? दिवसभर कचेरीत बसून मी लोकांच्या पाण्याच्या तक्रारी लिहून घेते. कोणती तक्रार हलते आणि कोणती धूळ खाते, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

पालिकेच्या ज्येष्ठ व दिव्यांग सेवा कक्षाकडे मी रीतसर अर्ज धाडला आहे. मुद्देसूद लिहिलंय. एक, प्रवासाचा वेळ. दोन, धक्के. तीन, शेजारच्या प्रवाशाचे अखंड प्रश्न आणि त्याने होणारा मनस्ताप. मला वाटलं होतं, महिनाभर काही उत्तर येणार नाही. तर तिसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन! कोणत्याही लाभार्थीला तासाहून जास्त वेळ गाडीत बसवायचं नाही असा त्यांचाच नियम आहे म्हणे. त्यांनी माफी मागितली आणि लगेच व्यवस्था करते म्हणाल्या.

आता आरामात जा. माझे आभार मानू नकोस, मला संकोच वाटतो. लोभ आहे, तो तक्ता करून मांडता आला असता तर तोही पाठवला असता.

तुझी
टिटवी


ता. २६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद. आज जरा कमी आहेत.

तुझी तक्रार मंजूर झाली. माझ्यासाठी एक छोटी मोटार येते. मऊ गादी आहे, धक्के नाहीत, आणि माझ्याशिवाय आत कोणीही नाही. बसते न बसते तोच केंद्र येतं. तेव्हा तिथे खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात आणि फरशी ओली असते. मी कोपऱ्यात बसून ती वाळायची वाट पाहते. किती सुखात आहे मी!

टिटवे, अगं माझं काय करून ठेवलंस? मी कुरकुरत होते, ते रडगाणं नव्हतं गं. मला आणखी बोलायला काय आहे? केंद्रात इतका गोंगाट असतो की मला चार माणसांत एक अक्षर कळत नाही. पेंटर वरच्या मजल्यावर, दृष्टी गेलेल्यांच्या वर्गात खुर्च्या विणायला शिकतो, त्यामुळे तिथे आमची गाठ पडत नाही. त्या गाडीत तेवढं कोणीतरी माझ्या कानाशी बोलायचं, आणि माझं ऐकायचंसुद्धा. दिवसातले ते तीन तास माझे होते.

पण माझं एक वेळ राहू दे. तू अर्जात तो तिसरा मुद्दा कशाला घातलास? कक्षाच्या माणसाने पेंटरला बाजूला घेऊन, अगदी गोड शब्दांत, सहप्रवाशांना प्रश्न विचारून त्रास देऊ नका असं समजावलं. कोणी तक्रार केली हे त्याला आपोआप कळलं. दुसऱ्या दिवसापासून माझी जागाही रिकामी! तेव्हापासून तो गाडीत चढलेलाच नाही. ड्रायव्हरने हाक मारली, तर त्याच्या घरातून निरोप आला की प्रकृती बरी नाही.

त्याच्या घराला लिफ्ट नाही. दोन मजले चढून जायचं म्हणजे मला आणि वॉकरला कोणीतरी पाठीवर घ्यायला हवं. ड्रायव्हरबरोबर मी दोनदा निरोप पाठवला. उत्तर नाही. आणि महिनाभर गैरहजर राहिलं की केंद्रातली जागा पुढच्या माणसाला जाते. मग तो चार भिंतींत बसून राहणार, आणि मनात हेच धरून बसणार की मला त्याचा कंटाळा आला होता.

मला हे सहन होत नाही. काहीतरी कर. लोभ आहे, पण सध्या तो रुसून बसला आहे.

तुझी
आत्या


ता. ३ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार खरोखर लोटांगण घालून.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पत्र वाचून मला रडू आलं. नवरा म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं. मी त्याच्याशी एक दिवस बोलले नाही, पण त्याचं खरं आहे. मी तुझं पत्र कचेरीच्या नजरेने वाचलं.

कक्षाला लगेच फोन केला. तिथल्या गृहस्थांना मी विचारलं की तक्रार मागे कशी घ्यायची. ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, तक्रार निकाली निघाली, तुम्ही समाधानी आहात अशी नोंदही झाली. आता समाधान मागे घ्यायची काही सोय नाही. मी म्हटलं, माझ्या आत्याला दीड तास खड्ड्यांतून हिंडवा. ते म्हणाले, तसं केलं तर आम्हाला जाब द्यावा लागेल. अगं, इतकी चांगली माणसं आहेत की त्यांच्याशी भांडताच येईना!

पेंटरकाकांना मी वेगळं पत्र लिहिलंय. तिसरा मुद्दा माझा होता, आत्याचा नव्हता, असं स्पष्ट कबूल केलंय. ते त्यांना कोण वाचून दाखवेल कोण जाणे. आत्या, तू केंद्राच्या व्यवस्थापकबाईंना गाठ. अर्ज करणं मला येतं, पण समोरच्याला बोलून बोलून वळवणं हे फक्त तुला येतं.

रुसलेल्या लोभाला माझ्यातर्फे दोन गोड शब्द सांग.

तुझी
टिटवी


ता. १२ मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद पूर्ववत सुरू केले आहेत.

व्यवस्थापकबाईंना गाठलं. त्या माझ्यासमोर नियमांचं पुस्तक घेऊन बसल्या. आत्तापर्यंत माझी समजूत अशी की नियम माणसाला अडवायलाच असतात. पण ही बाई त्या पुस्तकात वाट शोधत होती. तासाहून जास्त वेळ बसायचं नाही हा नियम लाभार्थीसाठी. मी विचारलं, आणि ड्रायव्हरसाठी? त्या म्हणाल्या, तो कर्मचारी. मग पान उलटून म्हणाल्या की गाडीत एक सोबती असावा असंही यात लिहिलंय, आणि तोही कर्मचाऱ्यांतच धरला जातो. वर्ष झालं, ती जागा रिकामी आहे, कारण बिनपगारी रोज एवढं हिंडायला कोणी तयार होत नाही.

मी म्हटलं, मी तयार आहे.

बाई हसल्या. मग माझ्या वॉकरकडे पाहून हसायच्या थांबल्या. सोबत्याने चढता-उतरताना हात द्यायला हवा का, असं मी विचारलं. ते ड्रायव्हर करतो. सोबत्याने प्रवाशांना धीर द्यायचा, कोण चढलं कोण राहिलं ते पाहायचं, आणि शांत राहायचं. शांत या शब्दावर आम्ही दोघी घुटमळलो, पण पुढे गेलो. शेवटी बाईंनी अडचण काढली ती कानाची. प्रवाशाने हाक मारली तर तुम्हाला ऐकू कसं येणार, म्हणाल्या. मी म्हटलं, माझे कान दुसऱ्या थांब्यावर चढतात, तेवढे परत आणून द्या.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. सोमवार, वीस तारखेपासून, पंधरा दिवसांच्या बोलीवर मी सोबती!

पण पेंटर काही बधत नाही. बाई स्वतः त्याच्याकडे जाऊन आल्या. तुझं पत्र त्याच्या सुनेने त्याला वाचून दाखवलं होतं. तो एवढंच म्हणाला, की मुलगी सज्जन दिसते, पण धूर दिसला म्हणजे कुठेतरी आग असणारच. त्याच सोमवारी तो एकदाच येणार आहे, खुर्ची अर्धी विणून ठेवली आहे ती घरी न्यायला. त्यानंतर नाव काढा म्हणाला. गाडीत नवा सोबती असेल हे बाईंनी त्याला सांगितलं. कोण ते सांगू नका, अशी मी त्यांना गळ घातली आहे. मी असल्याचं कळलं तर तो सोमवारीसुद्धा यायचा नाही.

एका फेरीत मला सगळं सावरायचंय. लोभ भरपूर पाठव, सोमवारी लागेल.

तुझी
आत्या


ता. १६ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. हे दोनच ओळींचं, सोमवारच्या आत पोचावं म्हणून. नवरा म्हणतो की नेमणुकीबद्दल अभिनंदन, आणि पालिकेला आमची सहानुभूती कळवावी. मी फक्त एवढंच म्हणते, की भाषण पाठ करून जाऊ नकोस. तुझी पाठ केलेली भाषणं कधीच धड होत नाहीत.

लोभ भरपूर पाठवला आहे, पोचल्याचं कळव.

तुझी
टिटवी


ता. २० मार्च, सोमवार

चि. टिटवीस,

अ. उ. आ.

आत्ताच घरी आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. लोभ पोचला.

भाषण मी पाठ केलंच होतं. दुसरा थांबा आला. पेंटर ड्रायव्हरचा हात धरून चढला. वाळलाय गं. दाढीही वाढलेली. नेहमीच्या जागी बसला खरा, पण काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून, समोर तोंड करून. नवा सोबती कोण, असं ड्रायव्हरला विचारत होता ते मला त्याच्या ओठांवरून कळलं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिला उभ्या आयुष्यात कोणी गप्प करू शकलं नाही ती मी, ढिम्म! पाठ केलेलं सगळं पार उडून गेलं. मला माफ करा एवढे तीन शब्दही फुटेनात. गाडी निघाली.

जावा चढल्या. मला पाहून त्यांचे डोळे एवढे मोठे झाले, पण मी ओठांवर बोट ठेवलं तशा दोघीही आपल्या बाकावर जाऊन बसल्या. एकेक थांबा मागे पडत होता, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर नुसता बसून होता.

पुलाच्या अलीकडे गाडी खोळंबली. बाहेर एका केशकर्तनालयाच्या दारात शिडी लावून एक माणूस पाटी रंगवत होता. प्लॅस्टिक नाही, दिवे नाहीत, फळीवर ब्रशने. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, की न्हाव्याची पाटी हाताने रंगवताहेत, निळ्या रंगाने.

त्याची मान हलली. बस, तेवढंच. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. वाटलं, संपलं. पूल गेला, दवाखाना गेला, वळण गेलं. आणि मग तो माझ्या डाव्या कानाकडे वाकला आणि त्याने विचारलं, कोणता निळा?

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शाईसारखा, पाणी घातलेल्या शाईसारखा, असं मी कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, शक्यच नाही, पाटीला तसला निळा कोणी लावत नाही. मी म्हटलं, मी समोर पाहिलाय. तो म्हणाला, तुम्हाला काय दिसतंय! मी म्हटलं, येताना परत पाहून सांगते. तो म्हणाला, तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार, ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगा. एवढं बोलून झाल्यावर, उद्या ती पाटी पुरी झाली की अक्षरं नीट बघून ठेवा, असंही त्याने बजावलं. उद्या म्हणाला गं टिटवे! अर्धी खुर्ची तशीच केंद्रात ठेवून आलाय.

लोभ असाच राहू दे. फक्त तो कोणत्याही कचेरीला कळवू नकोस.

तुझी
आत्या